पेन्सिल आधी, कॅमेरा मागून: नागपुरात उपयोजित कला आणि फोटोग्राफी शिकताना

बारावीचा निकाल लागला की मला फोन सुरू होतात. कधी मामेबहिणीची जाऊबाई, कधी गल्लीतले काका. प्रश्न एकच: "पोरगी आर्टला जातो म्हणते. कॅमेरा कोणता घेऊन द्यायचा?" माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिल्या वर्षी कोणताच नाही. त्या पैशांतून मजबूत ड्रॉइंग बोर्ड, बरा कागद आणि चार चांगले ब्रश घ्या. उरतील ते बँकेत राहू द्या.

मी स्वतः नेमकं उलटं केलं होतं. हप्त्यावर कॅमेरा घेतला आणि पहिलं सत्र फुटाळा तलावावर सूर्यास्त टिपण्यात घालवलं. ते फोटो घेऊन मोठ्या तोऱ्यात सरांपुढे बसले. सरांनी डोळे अर्धवट मिटले, एकेक फोटो पाहिला आणि म्हणाले, "सूर्य तर रोजच मावळतो. यात तू काय काळं ठेवलं आणि काय पांढरं ठेवलं, ते सांग." मला सांगता आलं नाही. पुढची चार वर्षं मी तेवढंच शिकत होते. पेन्सिल असो, लिनोवर कोरलेला ठसा असो, अक्षर असो की फोटो, काय काळं जाऊ द्यायचं आणि काय पांढरं राखायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं. खाली जो क्रम दिला आहे तो याच हिशेबाने.

आधी नावांचा गोंधळ

घरच्यांना "आर्ट" म्हटलं की कला शाखेची बी.ए. वाटते. तो गैरसमज आधी दूर करा. आपण बोलतोय ते बीएफए, म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, या 4 वर्षांच्या पदवीबद्दल. त्यात चित्रकला वेगळी आणि उपयोजित कला वेगळी. उपयोजित म्हणजे जिला मुलं "अप्लाइड" आणि जुने लोक अजून "कमर्शियल" म्हणतात ती: जाहिरात, मांडणी, अक्षररचना, पुस्तकाचं मुखपृष्ठ, वेष्टण, इलस्ट्रेशन. फोटोग्राफी बहुतेक ठिकाणी याच शाखेत एक विषय म्हणून येते. नुसती फोटोग्राफीच शिकायची असेल तर छोटे अभ्यासक्रम आहेत, पण माझं मत विचाराल तर अप्लाइडमधून आलेला फोटोग्राफर जास्त टिकतो. त्याला आपला फोटो कुठे छापला जाणार आणि त्यावर मथळा कुठे बसणार, हे कळत असतं.

एटीडी म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा, शाळेत चित्रकला शिकवायची असेल तर. तो चांगला मार्ग आहे, पण वेगळा आहे. "आधी एटीडी करू, मग बघू" असं करून दोन वर्षं घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, शिवाय खासगी संस्थाही आहेत. प्रवेश घेण्याआधी एकदा आत जाऊन या. वार्षिक प्रदर्शन चालू असेल तर उत्तम. भिंतीवर काय लावलंय यापेक्षा मागच्या खोलीत डार्करूमचा, म्हणजे फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीचा, नळ चालू आहे का, छपाईचं प्रेस गंजलंय का, वर्गात मुलं उभी राहून काम करतात की मोबाइलमधून बघून उतरवतात, हे बघा. तिथल्या मुलांना चहा पाजा आणि विचारा. माहितीपत्रकात हे सापडणार नाही.

सीईटीची तयारी: कॉटन मार्केटमध्ये

महाराष्ट्रात बीएफएला जायचं तर एमएएच-एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान असे चार भाग. गुण, वेळ आणि तारखा त्या वर्षीच्या पत्रकातूनच घ्या, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवरून नाही. शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिलेली असेल तर यातले बरेच शब्द ओळखीचे वाटतील. दिलेली नसेल तरी काही बिघडत नाही.

वस्तुचित्रात बहुतेकांची घसरगुंडी एकाच जागी होते: लोट्याचं तोंड. घरातला पितळी लोटा, एक डबा आणि दोन संत्री टेबलावर ठेवा. लोटा डोळ्यांच्या पातळीखाली असेल तर तोंडाचा लंबगोल चपटा दिसतो आणि बुडाचा त्यापेक्षा जास्त गोल. मुलं नेमकी उलट काढतात, कारण लोटा जमिनीवर सपाट बसतो हे "माहीत" असतं, म्हणून बूड सरळ रेघेने कापून टाकतात. माहीत असलेलं काढू नका, दिसतंय ते काढा. मग डोळे अर्धवट मिटा. बारकावे विरघळून तीनच छटा उरतील: उजेड, मधला आणि गडद. आधी त्या तीन भरा. संत्र्याच्या सालीवरचे ठिपके सगळ्यात शेवटी. वेळ नाही मिळाला तरी चालेल.

स्मरणचित्रासाठी क्लासची ठरावीक "पोझ" पाठ करू नका. तपासणाऱ्याला तोच फुगेवाला आणि तीच पाठमोरी बाई शंभर कागदांवर दिसत असते. आपल्याकडे यासाठी सकाळी 6 चं कॉटन मार्केट आहे. हमाल पोतं पाठीवर घेतो तेव्हा कंबर कुठे वाकते, मान कुठे जाते, उजवा पाय किती पुढे पडतो? खिशात मावेल एवढी वही घ्या आणि एका माणसाला 30 सेकंदांच्या वर देऊ नका. चेहरा काढायचाच नाही. पाठीची एक रेघ, खांद्याची एक, वजन ज्या पायावर आहे त्याची एक. घरी आल्यावर वही न उघडता तेच दृश्य मोठ्या कागदावर काढा. कुठे अडलात ते दुसऱ्या दिवशी परत जाऊन बघा. बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) बसथांब्यावर, इतवारीतल्या सराफ्यात, पोह्याच्या ठेल्यापुढे हेच करा. तर्री वाढणाऱ्याचा हात कोपरातून फिरतो की मनगटातून, हे मला अजून न बघता काढता येतं. दोन महिने रोज 20 आकृत्या. कंटाळा येईल, पण याला दुसरा उपाय नाही.

संकल्पचित्रात दिलेली जागा आणि दिलेले आकार यांतून मांडणी करायची असते. इथे एकच सांगते: आकारांमधली मोकळी जागा हासुद्धा आकारच आहे. काळ्या कागदाचे तुकडे कापून पांढऱ्यावर सरकवत बसा. पेन्सिलीपेक्षा कात्रीने हे लवकर कळतं.

सामान्य ज्ञानासाठी चित्रकार, शिल्पकार, लेणी, वास्तू, रंग आणि साहित्य यांची स्वतःची वही करा. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 चं, हे वाचून विसरलं जातं. पण तोच 1857 चा उठाव, असा सांधा जोडला की राहतं. रविवारी अजब बंगल्यात जा. सेंट्रल म्युझियम म्हणजेच अजब बंगला, स्थापना 1863. मूर्तीसमोर बसून रेखाटलेली गोष्ट प्रश्नपत्रिकेत आली तर आठवायला कष्ट पडत नाहीत.

सामान

इंपिरियल कागद म्हणजे 22 बाय 30 इंच. बहुतेक काम हाफ इंपिरियलवर चालतं, म्हणून बोर्ड त्यापेक्षा जरा मोठा हवा. पेन्सिली एचबी, 2बी, 4बी, 6बी. पोस्टर कलरचा 24 रंगांचा खोका घेऊ नका. पांढरा आणि काळा मोठ्या बाटल्या, बाकी दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे पुरे. हिरवा स्वतः बनवायला शिका. चपटे ब्रश दोन, गोल दोन, धातूची पट्टी, कटर, मास्किंग टेप. कटर चालवताना प्लास्टिकची पट्टी वापरलीत तर पट्टी कापली जाईल, बोटही जाईल.

एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या यादीत सापडणार नाही. एप्रिल-मे मध्ये आपण कूलरसमोर बसून काम करतो. कूलरची ओली हवा थेट कागदावर आली की कागद सादळतो, मऊ पडतो आणि त्यावर रंगाची वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर, कधीच सपाट येत नाही. कूलर बंद केला तर पोस्टर कलर पॅलेटमध्येच पापुद्रे धरतो. मधला मार्ग असा: कूलरकडे पाठ, बोर्ड समोर, कागद चारही बाजूंनी टेपने पक्का, आणि पॅलेटवर ओलं फडकं. जाड रंगकाम पहाटे 5 ते 9 मध्ये उरकायचं. दुपारी पेन्सिल.

पहिलं वर्ष

पहिल्या वर्षी पायाभूत विषय असतात आणि मुलं वैतागतात. "सर, आम्ही कॉम्प्युटरवर कधी बसणार?" 10 छटांची पट्टी रंगवायची, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत, प्रत्येक पायरी समान. हा प्रकार वेठबिगारीसारखा वाटतो. मी ती पट्टी 4 वेळा केली. पण पुढे फोटोत सावलीतला तपशील कधी राखायचा आणि कधी सोडायचा, याचा अंदाज त्या पट्टीतूनच आला.

घरच्या घरी हा सराव करा. मे महिन्यातल्या दुपारी 12 ला गच्चीवरून समोरच्या घराकडे बघा. आपलं ऊन एवढं कडक की मधल्या छटा जवळपास नाहीशाच होतात: भिंत पांढरीफटक, छज्जाखाली मिट्ट काळोख. ते घर फक्त काळ्या शाईने काढा, करडा रंग अजिबात न वापरता. कुठे रेघ न काढताही भिंतीची कड दिसते? शेजारचं काळं तिला दाखवतं म्हणून. हेच घर डिसेंबरात सकाळी 8 ला परत काढा. आता काळ्या-पांढऱ्यात ते जमणार नाही, तीन-चार छटा लागतील. उजेड बदलला की भाषाच बदलते. फोटोग्राफीच्या वर्गात पोहोचण्याआधी तुम्हाला हे ठाऊक झालेलं असेल.

अक्षर

मराठी मुलांनी अप्लाइडला जाऊन फक्त रोमन अक्षरं घोटावीत, याचा मला राग येतो. देवनागरी शिका, आणि बोरूने, म्हणजे तिरक्या कापाच्या लेखणीने, शिका. बोरूचा काप कसा हवा ते आधी समजून घ्या. रोमन सुलेखनासाठी कापलेली निब देवनागरीला चालत नाही. रोमनमध्ये डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड येते. देवनागरीत तिच्या उलट, वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारी रेघ जाड. म्हणून देवनागरीचा तिरका काप विरुद्ध बाजूला असतो. दुकानात "कॅलिग्राफी सेट" म्हणून मिळतो तो सहसा रोमनसाठी असतो. त्याने काढलेला "क" काहीतरी चुकल्यासारखा दिसतो आणि मुलांना वाटतं आपला हातच वाईट.

सुरुवात र, स, ग, म या अक्षरांनी करा. शिरोरेषा शेवटी द्या. आधी दिली की सगळी अक्षरं तिला कपड्यांसारखी लटकतात. अक्षरांच्या पोटातली पांढरी जागा बघा. "म"चं पोट आणि "भ"चं पोट सारखं भरलेलं दिसतंय का? कागद उलटा धरून बघा. वाचता येईनासं झालं की डोळा फक्त काळं-पांढरं मोजतो. सुलेखनकार र. कृ. जोशी हे नाव इथे कानावर पडेलच. संगणकावरचा मंगल हा देवनागरी फॉण्ट त्यांचा.

लिनो

छपाईच्या सगळ्या प्रकारांत घरी करता येण्याजोगा आणि सगळ्यात जास्त शिकवणारा प्रकार म्हणजे लिनोकट: लिनो म्हणजे लिनोलियमचा मऊसर तुकडा, तो कोरून त्यावर शाई लावून ठसा घ्यायचा. जे कोराल ते पांढरं, जे सोडाल ते काळं. मधला रस्ता नाही.

चित्र आधी काळ्या शाईत पक्कं करा. ते ट्रेसिंगवर उतरवा, ट्रेसिंग उलटा आणि कार्बनने लिनोवर घ्या. उलटायला विसरू नका. माझ्या पहिल्या लिनोवर मी मोठ्या हौसेने "संत्रानगरी" कोरलं, तीन रात्री जागून. छापलं तेव्हा ते फक्त आरशात वाचता येत होतं. वर्गात वर्षभर मला उलट्या नावाने हाक मारत होते.

लिनो थंडीत कडक होतो आणि हत्यार घसरतं. डिसेंबरात कोरण्याआधी 5 मिनिटं उन्हात ठेवा, लोण्यासारखा कापला जातो. बारीक रेघेला व्ही आकाराचं हत्यार, जागा साफ करायला यू आकाराचं. हत्यार नेहमी स्वतःपासून दूर ढकलायचं आणि दुसरा हात हत्याराच्या मागे ठेवायचा, पुढे कधीच नाही. वळण आलं की हत्यार वळवू नका, लिनो फिरवा.

काचेवर शाई पसरून रोलर फिरवा. शाई बरोबर पातळ झाली की हलका चरचर आवाज येतो, तव्यावर पाण्याचे थेंब पडल्यासारखा. चिकचिक आवाज आला तर शाई जास्त आहे, बारीक रेघा बुजतील. दोन-तीन पातळ थर द्या. कागद ठेवा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासा. प्रेस नाही म्हणून अडून बसू नका. तेलाची शाई रॉकेलने पुसण्यापेक्षा आधी जुन्या खाद्यतेलाने आणि मग साबणाने काढा. हात वाचतात. हा पहिला ठसा टेस्ट ठसा. त्यावर लाल पेनने खुणा करा, अजून काय काढायचं ते. एकदा कोरलेलं परत भरता येत नाही, म्हणून कमी कोरून थांबा.

स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापणं, कॉलेजात होईलच. लग्नपत्रिका छापणाऱ्या एखाद्या छोट्या कारखान्यात दोन दिवस बसायला मिळालं तर तिथे लवकर कळेल. लग्नसराईच्या आधी जा, ऐन हंगामात कुणी तुमच्याकडे बघणार नाही. तिथे एकच गोष्ट लक्ष देऊन बघा: जाळी धुताना अनुस्वार आणि वेलांटीचं टोक कसं वाहून जातं. त्यानंतर तुम्ही पत्रिकेसाठी बारीक फॉण्ट निवडणार नाही.

उजेडाचा ठसा: सायनोटाइप

आता फोटोग्राफी, पण अजून कॅमेरा नाही. नागपूरसारख्या गावाला निसर्गाने फुकट दिलेली डार्करूम म्हणजे ऊन, आणि त्या उन्हावर चालणारी पद्धत म्हणजे सायनोटाइप. जॉन हर्शेलने ती 1842 मध्ये शोधली. रसायनं दोनच. लोहाचा क्षार उन्हातल्या अतिनील किरणांनी बदलतो, दुसऱ्या क्षाराशी मिळून न विरघळणारा निळा रंग तयार होतो, आणि जिथे ऊन लागलं नाही तिथलं सगळं पाण्याने धुऊन जातं.

100 मिली पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरवं मिळतं ते. दुसऱ्या बाटलीत 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही गडद रंगाच्या बाटल्यांत वेगवेगळं ठेवा, वर नाव लिहा आणि घरातल्या लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवा. वापरण्याच्या वेळी लागेल तेवढंच समसमान मिसळा. हातमोजे घाला. स्वयंपाकाचं भांडं, चमचा काही वापरायचं नाही. आणि फेरिसायनाइडजवळ कोणतंही तीव्र आम्ल आणू नका, त्यातून विषारी वायू निघू शकतो.

खोलीच्या खिडक्या झाकून मंद पिवळ्या बल्बखाली कागदाला ब्रशने लावा: आधी आडवा हात, मग उभा. अंधारातच वाळवा. त्यावर पान, पंख, जाळीदार कापड, किंवा पारदर्शक शीटवर छापलेली फोटोची निगेटिव्ह ठेवा, वर काच, आणि उन्हात न्या. मे महिन्यातल्या दुपारी काही मिनिटांत काम होतं. पावसाळी दिवशी कितीतरी जास्त लागतात. म्हणून आधी पट्टी करा: कागदाचा लांब तुकडा पुठ्ठ्याने झाकून, दर मिनिटाला बोटभर उघडत जा. उघड्या जागेचा रंग पिवळ्या-हिरव्यावरून राखाडी झाला की पुरे. थांबायची घाई करू नका, थोडं जास्तच भाजलेलं बरं, कारण धुताना बराच रंग उतरतो. मग वाहत्या पाण्यात पांढऱ्या जागेतला पिवळा पूर्ण जाईपर्यंत धुवा. ओला ठसा फिका वाटेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बघा, निळा गडद झालेला असेल. साबणाचं पाणी मात्र लागू देऊ नका, निळा उडतो.

निगेटिव्हमध्ये काळं ते कागदावर पांढरं. लिनोसारखाच उलटा विचार, फक्त हत्यार बदललं.

फिल्म धुण्याची संधी कॉलेजात मिळाली तर सोडू नका. डेव्हलपरची, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाची, वेळ साधारण 20 अंश तापमानाला धरून दिलेली असते आणि आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी एप्रिलमध्ये चहा करायच्या लायकीचं असतं. माठातलं पाणी वापरा, किंवा डेव्हलपरची बाटली बर्फाच्या टबात ठेवा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, तो पातळ होतो. शेवटचं धुण्याचं पाणीही थंडच हवं. थंड रसायनातून एकदम गरम पाण्यात गेलेल्या फिल्मवरचा थर सुरकुततो.

आता कॅमेरा

दुसऱ्या वर्षी घ्या. सेकंडहँड बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आणि 50 मिमीची एफ/1.8 लेन्स. झूम नको, म्हणजे पाय हलतील. घेताना लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू आहेत का बघा. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. उन्हाळ्यात कॅमेरा गाडीच्या डिकीत ठेवून कॉलेजात जाऊ नका. तिथे अंडं उकडेल.

पहिला महिना ऑटोवर हात नको. भर उन्हात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100, छिद्र एफ/16 (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), शटर 1/125 सेकंद. इथून सुरू करा. हा जुना अंदाज आहे, उजेड मोजणारा मीटर नव्हता तेव्हाचा, आणि आपल्या उन्हात तो छान बसतो. एफ/8 करायचं तर छिद्र दोन पायऱ्या उघडलं, म्हणून शटर दोन पायऱ्या जलद: 1/500. हे गणित बोटांवर यायला हवं.

पहिला अभ्यास: एकच खुर्ची, एकच जागा, सकाळी 7 ते संध्याकाळी 6 दर तासाला एक फोटो. 12 फोटो शेजारी शेजारी लावा. दुपारच्या फोटोंना वाईट म्हणून फेकू नका. दुपारी माणसाचा चेहरा काढायचा नसतो, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे येतात. पण सावलीचे आकार तेव्हाच मिळतात. दुपारी चेहरा हवाच असेल तर माणसाला ओसरीच्या सावलीत, उजेडाकडे तोंड करून बसवा. समोरचं उन्हातलं अंगण हाच तुमचा रिफ्लेक्टर, चेहऱ्यावर उजेड परत टाकणारा.

मारबतीच्या दिवशी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, महाल-इतवारीत काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. नागपूरच्या अप्लाइडच्या विद्यार्थ्याला याहून चांगली प्रयोगशाळा नाही, आणि मी फक्त फोटोंबद्दल बोलत नाही. मारबतीसोबत निघणारे बडगे बघा. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, त्या वर्षी लोकांना जे खुपलं त्याचा पुतळा, आणि गळ्यात पाटी. त्या पाटीवर चार-पाच शब्द. गर्दीत, धक्काबुक्कीत, लांबून वाचता यावेत म्हणून जाड ब्रशने रंगवलेले. वर्गात मथळ्याबद्दल जे तासभर सांगतात ते पाटी रंगवणाऱ्याने एका रात्रीत करून दाखवलेलं असतं. वहीत पाट्या उतरवून घ्या, शब्दांसकट, मांडणीसकट.

फोटोसाठी आदल्या दिवशी जाऊन रस्ता बघा, उजेड कोणत्या बाजूने येतो ते बघा, एखाद्या ओळखीच्या घराची पहिल्या मजल्यावरची गॅलरी मिळते का विचारा. शटर 1/250 च्या खाली नको. सगळे जण मारबतीचा चेहरा काढतात, तुम्ही तिला ओढणारे हात काढा, "घेऊन जा गे मारबत" ओरडणारे गळे काढा. बॅग पोटाशी, लेन्स बदलायची नाही, कार्ड रिकामं. आणि घरातल्या बाया, लहान मुलं यांचे फोटो काढण्याआधी विचारा. नाही म्हटलं तर हसून पुढे जा. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी तर हे दुप्पट पाळा. लोक तिथे श्रद्धेने आलेले असतात, तुमच्या असाइनमेंटसाठी नाही.

फाइल प्रेसला देताना

तिसऱ्या वर्षापासून पोस्टर प्रत्यक्ष छापून घ्यायची वेळ येते आणि इथे पैसे जातात. मापं आधी: ए3 म्हणजे 297 बाय 420 मिमी, 300 पीपीआयला (दर इंचाला 300 पिक्सेल) 3508 बाय 4961 पिक्सेल. फोटो यापेक्षा लहान असेल तर तो ओढून मोठा करू नका. चारही बाजूंनी 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी मापाबाहेर वाढवलेलं चित्र. रंग सीएमवायके, म्हणजे छपाईचे निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा हे चार. पडद्यावरचा झगझगीत केशरी कागदावर मातकट येतो, संत्र्याचं वेष्टण करणाऱ्याला हे लवकर कळतं. बारीक मजकूर फक्त के 100, म्हणजे नुसत्या काळ्या शाईत द्या, चार रंगांच्या काळ्यात नाही. प्लेट केसभर सरकली तर अक्षरांना लाल-निळी झालर येते.

देवनागरीचा वेगळाच छळ. अॅडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही अक्षरं जुळवणारी सोय चालू केली नाही तर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्या अक्षरावर बसते. युनिकोड फॉण्ट, म्हणजे कोणत्याही संगणकावर तोच मजकूर दिसेल असे, वापरा; मुक्तासारखे चांगले फॉण्ट फुकट आहेत. पण छापखान्यात अजून जुने, युनिकोड नसलेले फॉण्ट चालतात आणि तुमची फाइल तिथे उघडली की मजकुराचं कडबोळं होतं. म्हणून अंतिम फाइलमध्ये अक्षरांचं आउटलाइन करून (अक्षरांचे नुसते आकार बनवून) पीडीएफ द्या, आणि मजकूर बदलता येईल अशी मूळ फाइल स्वतःकडे ठेवा. सॉफ्टवेअर परवडत नसेल तर इंकस्केप, गिम्प, क्रिटा, स्क्रायबस मोफत आहेत. चोरीच्या कॉपीवर शिकण्यापेक्षा यांवर शिका.

छापून घेण्याआधी प्रूफ, म्हणजे तपासायची प्रत, मागा आणि ते मोठ्याने वाचा, एकेक शब्द. पोस्टरवरचं शुद्धलेखन शिक्षक सोडतात, ग्राहक सोडत नाही.

ज्युरी, पोर्टफोलिओ, पैसे

ज्युरीत, म्हणजे परीक्षक तुमचं काम समोर बसून तपासतात तेव्हा, बचाव करू नका. काय म्हणतात ते लिहून घ्या, रात्री वाचा. त्यातलं निम्मं विसरण्याजोगं असतं आणि निम्मं खरं, पण कोणतं कोणतं हे त्या क्षणी कळत नाही.

पोर्टफोलिओत, म्हणजे निवडक कामांच्या संग्रहात, 12 ते 15 कामं पुरे. सगळ्यात चांगलं पहिलं, दुसऱ्या क्रमांकाचं शेवटी. एका कामाचा पूर्ण प्रवास दाखवा: वहीतला खर्डा, फसलेला ठसा, सुधारलेला, छापलेला. महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी विभाग असतो, तिसऱ्या वर्षापासून काम पाठवत राहा. सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण-मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात प्रदर्शनं बघायला जात राहा, चित्र भिंतीवर कोणत्या उंचीला लावतात हेही तिथेच शिकाल.

बाहेरचं काम दुसऱ्या वर्षापासून येऊ लागतं: काकांच्या दुकानाचा बोर्ड, मैत्रिणीच्या ताईचं प्री-वेडिंग. घ्या, पण काम सुरू करण्याआधी मोबाइलवर तरी लिहून पाठवा: काय देणार, किती वेळा बदल करून देणार, किती पैसे, निम्मे आधी. आणि फोटोबाबत एक कलम नक्की. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कुणी पैसे देऊन ऑर्डरने काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळं ठरलेलं नसेल तर, ऑर्डर देणाऱ्याचा असतो. म्हणजे ते फोटो तुम्हाला पोर्टफोलिओत लावायचे असतील तर तशी परवानगी आधीच लिहून घ्यावी लागते. काकांकडूनसुद्धा. विशेषतः काकांकडून.